वरच्या हवेतले हॅलोकार्बन वायू कसे मोजतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातले विज्ञान शिक्षक, एमएस्सीचे विद्यार्थी आणि फ्रिज-एसीचे काम करणारे कारागीर ज्या शंका पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. आधीच सांगून ठेवलेले बरे: तीस किलोमीटर उंची गाठणे हे या कामात त्या मानाने सोपे आहे. खाली आणलेली हवा खरोखर वरचीच आहे, वाटेत तिच्यात काही मिसळले नाही आणि तिच्यातून काही निसटले नाही, याची खात्री करून घेताना घाम फुटतो. खालची निम्मी उत्तरे याच कटकटीबद्दल आहेत.

हॅलोकार्बन म्हणजे नेमके कोणते वायू?

कार्बनला क्लोरीन, फ्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन जोडलेली संयुगे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात ते आर-१२, आर-२२, आर-१३४ए, आर-३२ हे सगळे याच घराण्यातले. नव्या घरगुती फ्रिजमधला आर-६००ए मात्र यात येत नाही. तो आयसोब्युटेन, त्यात हॅलोजनचा पत्ता नाही. शीतगृहातला अमोनियाही नाही.

वरच्या हवेत मुख्यतः ज्यांचा माग काढतात ते असे: पूर्वी फोम फुगवायला वापरला जाणारा सीएफसी-११ (सीएफसी म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन), जुन्या फ्रिजमधला सीएफसी-१२ (म्हणजेच आर-१२), इलेक्ट्रॉनिक भाग धुण्याचा सीएफसी-११३, कार्बन टेट्राक्लोराईड, मिथिल क्लोरोफॉर्म, आग विझवण्याचे हॅलॉन-१२११ आणि १३०१, सीएफसींच्या जागी आलेले एचसीएफसी-२२ (म्हणजेच आर-२२) सारखे हायड्रोजन असलेले वायू आणि आता वाढत चाललेले, क्लोरीन नसलेले एचएफसी (आर-१३४ए, आर-३२). मिथिल क्लोराईड आणि मिथिल ब्रोमाईड समुद्र आणि वनस्पतींकडूनही येतात, म्हणून त्यांचा सगळा दोष माणसाच्या माथी मारता येत नाही. सीएफसीचे तसे नाही. ते पूर्णपणे कारखान्यातले.

सल्फर हेक्झाफ्लोराईडमध्ये कार्बनच नाही, पण त्याच यंत्रावर त्याच फेरीत तो मोजला जातो. त्याचा उपयोग वेगळा आहे, तो पुढे सांगितला आहे.

हवेत हे असतात तरी किती?

मोजमापाचे एकक पीपीटी, म्हणजे हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे एक रेणू. सीएफसी-१२ आज ४९० पीपीटीच्या आसपास आहे आणि २००३ च्या सुमारास तो ५४० च्या थोडा वर होता. सीएफसी-११ चा कळस १९९३-९४ च्या आसपास, २६८ पीपीटीच्या जवळ. आता तो २२० च्या खाली उतरला आहे.

हिशोब करून बघा. बेळगावात हवेचा दाब साधारण ९२५ हेक्टोपास्कल. १० मिलीच्या लूपमध्ये (यंत्रात मोजून हवा भरायच्या नळीत) इथली हवा २७ अंशांवर भरली, तर त्यात सीएफसी-११ चे सुमारे पाच हजार कोटी रेणू येतात. संख्या मोठी वाटते, पण त्यांचे वजन होते ११ पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटी भागांपैकी अकरा. हे जमिनीवरच्या हवेचे. २५ किमीवर यातला बराच भाग नाहीसा झालेला असतो.

हे वायू हवेच्या चार-पाचपट जड आहेत. मग वर जातातच कसे?

हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो आणि विचारणाऱ्याचे चुकत नाही. सीएफसी-११ चे रेणुभार १३७, हवेचे सरासरी २९. बंद खोलीत सिलिंडर फुटला तर हा वायू खरोखर जमिनीलगत साचतो. पण उघड्यावर वारा, उष्णतेने उठणारे प्रवाह आणि वादळी ढग हवेला इतके घुसळतात, की जवळपास १०० किमी उंचीपर्यंत रेणूच्या वजनाला काही किंमत उरत नाही. वजनानुसार थर लागण्याची क्रिया या घुसळणीपुढे फार मंद आहे. आरगॉनही हवेपेक्षा जड आहे, तरी त्याचे प्रमाण गोव्याच्या किनाऱ्यावर आणि २० किमीवर एकच सापडते.

सीएफसी वर कमी होत जातो तो जड म्हणून नव्हे, तुटतो म्हणून. ओझोनच्या थरात शिरल्यावर १९० ते २२० नॅनोमीटरची अतिनील किरणे त्याला भेटतात आणि क्लोरीन सुटतो. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये हेच मांडले आणि वरच्या हवेत प्रत्यक्ष घेतलेल्या नमुन्यांनी ते खरे ठरवले.

‘वरची हवा’ म्हणजे बेळगावच्या डोक्यावर नेमकी किती उंची?

आपण १६ अंश उत्तरेच्या जरा खाली आहोत. इथे तपांबर संपून स्थितांबर सुरू होते ते १६ ते १७ किमीवर. युरोपात हीच सीमा दहा-बारा किमीवर असते. त्यामुळे तिकडे प्रवासी विमान कधी कधी स्थितांबरात शिरते, पण बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालेले विमान ११ किमीवर गेले तरी तपांबरातच राहते. विमानातून घेतलेल्या नमुन्यांवर विसंबून आपल्या अक्षांशातले स्थितांबर कळत नाही ते यामुळे.

उंचीबरोबर दाब किती घसरतो तेही लक्षात ठेवा: २० किमीवर सुमारे ५५ हेक्टोपास्कल, २५ वर २५, ३० वर जेमतेम १२. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या शेवटच्या आकड्यात आहे.

पणजीहून वेधशाळेचा फुगा रोज सुटतो. त्यालाच एखादा सेन्सर का बांधत नाहीत?

तो फुगा तापमान, आर्द्रता, दाब आणि वारा सांगतो. ओझोन मोजणारे वेगळे छोटे यंत्रही असते. हवामान खाते पुण्याहून ते सोडत आले आहे. पण लाख कोटीत दोनशे रेणू ओळखेल असा, काडेपेटीएवढा, फेकून देण्याजोगा सेन्सर आजवर झालेला नाही. बाजारात एसीची गळती शोधायचा डिटेक्टर मिळतो, तो पीपीएमच्या (दहा लाखात एक रेणू) पातळीवर चालतो. पीपीटी म्हणजे पीपीएमचा दहा लाखावा भाग. तो डिटेक्टर वर नेला तर शून्य दाखवेल, आणि ते शून्य निरर्थक.

मग मार्ग कोणते उरतात?

तीन. हवा भांड्यात भरून खाली आणायची आणि प्रयोगशाळेत तपासायची. यंत्रच वर न्यायचे आणि तिथल्या तिथे मोजायचे. किंवा काहीच न गोळा करता, सूर्यप्रकाश हवेतून येताना या वायूंनी त्यातला कोणता भाग शोषला, ते अवरक्त वर्णपटातून वाचायचे.

पहिला मार्ग सविस्तर सांगा. बाटली उघडली, हवा भरली, बंद केली, इतके सोपे नाही का?

दहा किमीपर्यंत जवळपास इतके सोपे आहे. विमानात २-३ लिटरची, आतून विद्युत-पॉलिश केलेली स्टेनलेस स्टीलची भांडी आणि धातूच्या बेलोजचा पंप लागतो.

३० किमीवर तसे चालत नाही. पूर्ण निर्वात केलेली एक लिटरची बाटली तिथे उघडली, तर आत जी हवा शिरेल ती खाली आणल्यावर नेहमीच्या दाबाला फक्त १५ मिली भरते. त्यात डझनभर वायू दोन-दोनदा कसे मोजणार? म्हणून हवा गोठवून घेतात. स्टीलची नळकांडी द्रव निऑनमध्ये बुडवलेली असतात, तापमान उणे २४६ सेल्सियस. झडप उघडली की आत आलेला नायट्रोजन आणि ऑक्सिजन भिंतीवरच गोठतो, आतला दाब वाढत नाही आणि बाहेरची हवा ओढली जात राहते. वेगळा पंप लागत नाही.

द्रव नायट्रोजन स्वस्त असूनही इथे निरुपयोगी का, हे विद्यार्थ्यांनी एकदा कागदावर सोडवून पाहावे. उणे १९६ अंशांवर नायट्रोजनचा बाष्पदाब एक वातावरण, म्हणजे सुमारे १०१३ हेक्टोपास्कल असतो. बाहेर दाब १२ हेक्टोपास्कल असताना तो नायट्रोजन त्या तापमानाला गोठणार कसा? निऑनलाही मर्यादा आहे: हवेतला निऑन, हायड्रोजन आणि हेलियम यात नीट पकडले जात नाहीत. हॅलोकार्बनला त्याने काही बाधा येत नाही, फक्त एकूण हवेच्या हिशोबात ते धरावे लागते.

आता धोका. अर्ध्या लिटरच्या नळकांड्यात २० लिटर हवा गोठवली आणि ते खोलीच्या तापमानाला आले, की आत ४० बार दाब होतो. म्हणून नळकांडे आणि झडप त्याच्या कितीतरी पट दाबाला आधी तपासलेली असावी लागते. एक झडप किंचित गळली तरी निऑन संपल्यावर तो नमुना हवेत गेला असे समजा.

असे काम आपल्याकडे झाले आहे का?

झाले आहे, आणि फार लांब नाही. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेने जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या सहकार्याने हैदराबादच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) फुगा केंद्रातून १९८० आणि ९० च्या दशकांत असे गोठवणारे नमुनासंच वर पाठवले. हैदराबाद साडेसतरा अंश उत्तरेला आहे. म्हणजे आपल्या जवळजवळ डोक्यावरच्या हवेचे ते उभे चित्र. उष्ण कटिबंधातली अशी मोजमापे जगात मोजकीच आहेत आणि हवा तपांबरातून स्थितांबरात चढते ती मुख्यतः याच पट्ट्यातून. त्यामुळे युरोपात घेतलेला नमुना कितीही चांगला असला तरी इथल्याची जागा घेऊ शकत नाही.

चित्र साधारण असे निघते: १६-१७ किमीपर्यंत सीएफसी-११ जमिनीइतकाच, त्यावर झपाट्याने घट, आणि तिशीच्या आसपास तो जवळपास संपलेला. सीएफसी-१२ हळूहळू उतरतो, कारण त्याला तोडायला अधिक वरची, अधिक कडक किरणे लागतात. वातावरणातले सरासरी आयुष्यही तेच सांगते: सीएफसी-११ चे सुमारे ५२ वर्षे, सीएफसी-१२ चे शंभरच्या पुढे.

नमुना घेताना सगळ्यात जास्त काय बिघडते?

सगळ्यात आधी फुगा स्वतः. पॉलिथीनचा प्रचंड फुगा, त्याखाली दोर, पॅराशूट, फोमचे आवरण असलेली पेटी. हे सगळे जमिनीवरची हवा अंगाला चिकटवून वर जाते आणि वाटेत सोडत राहते. फुगा चढताना पेटी या वाहत्या सावलीतच असते. म्हणून चांगले नमुने उतरताना घेतात: वरची झडप उघडून थोडा वायू सोडायचा, फुगा सावकाश खाली येऊ द्यायचा. मग पेटीच्या खालून येणारी हवा कोरी असते. हवा घेण्याची नळी पेटीबाहेर, खालच्या बाजूला काढलेली हवी.

दुसरे, पेटीतला फोम. हा फोम फुगवायला सीएफसी-११ किंवा एचसीएफसी-१४१बी वापरलेला असेल, तर तुम्ही जे मोजायला निघालात तेच सोबत बांधून नेले. थर्माकोल चालतो, पॉलियुरेथेन तपासल्याशिवाय नको.

टेफ्लॉनची टेप, टेफ्लॉनचा डायाफ्राम आणि व्हायटनच्या ओ-रिंग यांनीही मोजमाप फसते. प्लास्टिक आणि रबर हे वायू शोषून घेतात आणि मागाहून सोडतात. जोड शक्य तिथे धातूवर धातूचे ठेवा. थ्रेड साफ करायला ट्रायक्लोरोएथिलीन किंवा ब्रेक क्लीनर वापरणारा फिटर असेल, तर त्याला त्या खोलीत येऊच देऊ नका. राग आला तरी चालेल.

कार्बन टेट्राक्लोराईडची तऱ्हा उलटी. तो वाढत नाही, नाहीसा होतो. स्थितांबरातली हवा इतकी कोरडी असते (पाणी दहा लाखात चार-पाच रेणू) की स्टीलची उघडी भिंत त्याला धरून ठेवते. थोडी पाण्याची वाफ भिंत झाकून टाकते, म्हणून काही प्रयोगशाळा रिकाम्या भांड्यात आधी मोजून वाफ सोडतात. या वायूसाठी नमुना आठवडाभर पडून राहिला की आकड्यावर शंका घ्यावी.

शेवटी उंची. नमुना कोणत्या उंचीचा हे दाबावरून ठरते. ३० किमीवर दाब १ हेक्टोपास्कलने चुकला, तर उंची अर्ध्या किलोमीटरने चुकते. जीपीएस आणि दाब दोन्ही नोंदवा, आणि झडप उघडल्याचा व बंद झाल्याचा दाब वेगवेगळा लिहा.

यंत्र वर नेण्याच्या पद्धतीत काय निराळे?

यात गॅस क्रोमॅटोग्राफच, म्हणजे हवेतले वायू एकेक वेगळे करून मोजणारे यंत्र, फुग्याखाली किंवा विमानात बसवतात. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-वातावरण संस्थेने असे हलके यंत्र फुग्यावर आणि ईआर-२ या वीस किमीवर उडणाऱ्या विमानात चालवले. एकेका नमुन्याला एक ते तीन मिनिटे लागतात, त्यामुळे मोजक्या बाटल्यांऐवजी शेकडो बिंदू मिळतात.

बिघाड वेगळ्या जातीचे. बाहेर उणे ४५ अंश असूनही ३० किमीवर इलेक्ट्रॉनिक्स तापते, कारण उष्णता वाहून न्यायला हवाच नाही. पंखा लावून उपयोग नाही. उष्णता धातूच्या पट्टीने सांगाड्यात उतरवावी लागते. साध्या मोटरचे कार्बन ब्रश विरळ कोरड्या हवेत भराभर झिजतात. जास्त व्होल्टेजच्या तारा १ ते २० हेक्टोपास्कलच्या टापूत ठिणग्या टाकतात, म्हणून त्या रेझिनमध्ये पुरतात. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: नेहमीचा रेग्युलेटर बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब राखतो. बाहेरची हवाच संपत चालली की कॅरियर गॅसचा (नमुना यंत्रातून वाहून नेणाऱ्या वायूचा) वेग बदलतो, शिखरे (आलेखावर एकेका वायूचा उंचवटा) सरकतात, डिटेक्टरची आधाररेषा (वायू नसतानाची नोंद) वाहते. सगळे रेग्युलेटर निरपेक्ष दाबावर चालणारे हवेत, डिटेक्टरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावरसुद्धा.

ईसीडी म्हणजे काय? तो इतके कमी रेणू कसे ओळखतो?

इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर. जेम्स लव्हलॉक यांनी तो १९५० च्या दशकात बनवला आणि १९७१-७२ मध्ये शॅकलटन जहाजावरून अटलांटिक ओलांडताना त्यानेच सीएफसी-११ सगळीकडे पसरल्याचे दाखवले.

आत निकेल-६३ चा पातळ थर असतो. त्यातून निघणारे बीटा कण कॅरियर गॅसमधून मंद इलेक्ट्रॉनांचा ढग तयार करतात आणि एक स्थिर विद्युतप्रवाह वाहत राहतो. क्लोरीन-ब्रोमीनचे रेणू आले की ते इलेक्ट्रॉन गिळतात आणि प्रवाह घटतो. नायट्रोजन आणि मिथेन याला दिसतच नाहीत. म्हणून हवेच्या अफाट गर्दीतून नेमके हेच वायू उठून दिसतात. पण ऑक्सिजन त्याला दिसतो, म्हणून स्तंभाने (वायू वेगळे करणाऱ्या नळीने) ऑक्सिजन आधीच वेगळा काढून वळवला पाहिजे.

चालवताना तापमान ३०० ते ३५० अंश ठेवतात. कॅरियर ९९.९९९ टक्के शुद्ध नायट्रोजन किंवा आरगॉनमध्ये ५ टक्के मिथेन, आणि दोन्हीच्या वाटेत ऑक्सिजन व ओलाव्याचे सापळे. आमच्या भागात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की सिलिंडर बदलताना नळीत शिरलेली ओलही दिवसभर आधाररेषा वर ठेवते. सिलिंडर बदलला की नळी तीन-चारदा भरून रिकामी करा, मगच झडप उघडा. वीज गेली आणि डिटेक्टर थंड झाला तर परत स्थिर व्हायला कित्येक तास, कधी पूर्ण दिवस जातो. यूपीएस नसेल तर पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नका.

निकेल-६३ किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य सुमारे शंभर वर्षे. त्यासाठी अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते. डिटेक्टर स्वतः उघडायचा नाही, निघणारा वायू नळीने खोलीबाहेर सोडायचा, आणि ठरलेल्या मुदतीत पुसून गळती तपासायची.

शिखरावरून आकडा कसा काढतात?

ईसीडी स्वतः पीपीटी सांगत नाही. तो फक्त ‘हे त्या सिलिंडरपेक्षा इतके कमी’ एवढेच सांगतो. म्हणून ज्ञात प्रमाणाच्या हवेचे सिलिंडर नमुन्याच्या आधी आणि नंतर चालवतात. समजा मानक हवेत सीएफसी-११ २२० पीपीटी आहे. आधीच्या फेरीत त्याचे क्षेत्रफळ १०,४५० आले, नंतरच्या फेरीत १०,५५०, आणि मधल्या नमुन्याचे ६,३८०. मानकाची सरासरी १०,५००. म्हणून नमुना २२० गुणिले ६,३८० भागिले १०,५००, म्हणजे १३३.७ पीपीटी. नंतरचे मानक चालवलेच नाही तर अर्ध्या टक्क्याची चूक नमुन्याच्या माथी बसते.

यात दोन पाचरी आहेत. ईसीडी सरळ रेषेत चालत नाही, त्यामुळे २२० च्या मानकावरून ५ पीपीटीचा नमुना काढणे धोक्याचे. कमी प्रमाणाची वेगळी मानके हवीत. दुसरी, लूपमधला दाब आणि तापमान. तापमानात ३ अंश फरक म्हणजे हवेत एक टक्का फरक. दाब १ हेक्टोपास्कलने चुकला तर ०.१ टक्का. समुद्रसपाटीवरच्या प्रयोगशाळेपेक्षा बेळगावच्या लूपमध्ये मुळातच नऊ टक्के कमी हवा भरते, म्हणून दोन ठिकाणच्या शिखरांची थेट तुलना करायची नाही. लूप ४०-५० अंशांवर स्थिर ठेवा, भरल्यावर दाब थांबेपर्यंत थांबा, दाब लिहा, मग इंजेक्ट करा.

जगात हे वायू मोजणाऱ्या केंद्रांची दोन मोठी जाळी आहेत, नोआची आणि १९७८ पासून चालणारी आगाज. दोघांची मानके वजन करून स्वतंत्रपणे बनवलेली, त्यामुळे काही वायूंच्या आकड्यांत टक्काभर फरक सापडतो. कोणती मोजपट्टी वापरली ते न लिहिलेला आकडा जुळवायला घेऊ नका.

ईसीडी इतका चांगला, तर मास स्पेक्ट्रोमीटर कशाला?

एचएफसीमध्ये क्लोरीन नाही, म्हणून ईसीडीला आर-१३४ए जवळपास दिसत नाही. आर-२२ सुद्धा पुसट. नवे वायू मोजायचे तर दीड-दोन लिटर हवा उणे १६५ अंशांच्या सापळ्यात दाटवून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूचे तुकडे करून त्यांची वजने मोजणाऱ्या यंत्रावर, सोडावी लागते. शिवाय ओळख पक्की होते. सीएफसी-११ च्या मुख्य तुकड्यात दोन क्लोरीन असतात, त्यामुळे १०१, १०३ आणि १०५ या वजनांच्या उंच्या ९:६:१ अशा यायलाच हव्यात. तसे आले नाही तर त्याच वेळी दुसरा कोणीतरी रेणू बाहेर पडतो आहे.

एअरकोअर स्वस्त आहे असे ऐकले. खरे का?

खरे आहे. शंभर-दीडशे मीटर लांब, पातळ, आतून लेप दिलेली स्टीलची नळी गुंडाळून साध्या फुग्याखाली बांधतात. एक टोक बंद, एक उघडे. वर जाताना नळी रिकामी होते, उतरताना प्रत्येक उंचीची हवा ओळीने आत भरते. कल्पना नोआच्या पीटर टान्स यांची. मुळात ती कार्बन डायऑक्साईड आणि मिथेनसाठी होती, पुढे हॅलोकार्बनसाठीही वापरली गेली. अडचण एवढीच की एकूण हवाच थोडी मिळते आणि वरच्या थरांचा वाटा त्यातही चिमूटभर. शिवाय जमिनीवर आल्यावर लगेच सापडली पाहिजे. नळीत हवेचे थर एकमेकांत मिसळत जातात. पेटी खानापूरच्या जंगलात पडली आणि दुसऱ्या दिवशी मिळाली, तर उंचीचा तपशील बराच पुसला गेलेला असतो.

उपग्रह असताना फुगे कशाला?

२००३ मध्ये सोडलेला कॅनडाचा सायसॅट सूर्य उगवता-मावळताना अवरक्त वर्णपट घेतो आणि सीएफसी-११, १२, एचसीएफसी-२२ यांची उभी चित्रे देतो. पण दिवसाला तीसच्या आसपास संधी, त्याही बहुतेक ध्रुवांकडे. आपल्या पट्ट्यावर तो वर्षातले मोजकेच काळ असतो. उंचीतला तपशील तीन किमीच्या आसपास. शिवाय त्याचे आकडे कितपत बरोबर हे ठरवायला शेवटी बाटलीतली हवाच लागते.

इतकी काटेकोर मोजमापे कोणाला हवीत? अर्धा टक्का इकडे तिकडे झाला तर काय?

२०१८ मध्ये उघड झाले की २०१२ नंतर सीएफसी-११ ची घट मंदावली होती. बंदी असूनही कुठेतरी वर्षाला सुमारे १३,००० टन जादा सुटत होते. पुढे त्यातला मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे दिसले आणि नंतर तो कमीही झाला. आता हे बघा: सगळ्या वातावरणात सीएफसी-११ एक पीपीटीने वाढवायला सुमारे २४,००० टन लागतात. म्हणजे १३,००० टन हे वर्षाला अर्धा पीपीटी, २३० च्या मानाने ०.२ टक्का. एवढ्याशा फरकावर एक बेकायदा धंदा पकडला गेला.

आणि वरच्या हवेचा संबंध इथेच येतो. घट मंदावली ती नव्या उत्सर्जनामुळे, की वरची जुनी, सीएफसी संपलेली हवा खाली कमी उतरली म्हणून? जमिनीवरच्या केंद्राला हे एकट्याने सांगता येत नाही. त्यासाठी वरची हवा किती जुनी हे कळायला लागते, आणि सल्फर हेक्झाफ्लोराईडचा उपयोग तो. तो वर्षागणिक वाढतो आहे आणि स्थितांबरात तुटत नाही. वरच्या नमुन्यात त्याचे जे प्रमाण आहे ते जमिनीवर कोणत्या वर्षी होते ते पाहिले, की हवेचे वय निघते.

आपल्या भागाच्या जवळ कुठे हवा तपासली जाते का?

गोव्यात काबो द रामा इथे, बेळगावपासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, १९९३ पासून बाटल्यांमध्ये हवा घेऊन ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेकडे तपासण्याचे काम झाले, मुख्यतः कार्बन डायऑक्साईड, मिथेन यांसारख्या वायूंसाठी. जागा मार्मिक आहे. पावसाळ्यात तिथे अरबी समुद्रावरून, विषुववृत्तापलीकडची हवा येते. हिवाळ्यात वारा फिरतो आणि दख्खनवरून, म्हणजे आपल्याच शेता-शहरांवरून, घाट उतरून हवा किनाऱ्याला जाते.

पावसाळ्यात उलट वरची बाजू महत्त्वाची. आशियाई मान्सूनचे प्रचंड ढग जमिनीवरची हवा १४ ते १८ किमीपर्यंत उचलतात. डायक्लोरोमिथेनसारखे सहा महिन्यांत नष्ट होणारे वायूही मग ओझोनच्या उंबरठ्यावर पोचतात. २००८ मध्ये फ्रँकफुर्ट–चेन्नई प्रवासी विमानातल्या नमुन्यांनी आणि २०१७ मध्ये काठमांडूहून उडालेल्या संशोधन विमानाने या प्रवाहाचा माग घेतला.

मी एसी रिपेअर करतो. एक किलो आर-२२ हवेत सोडला तर तो कुठे दिसतो का?

एकट्याचा नाही. आर-२२ एक पीपीटीने वाढायला साधारण १५,००० टन लागतात. पण देशभरातले एकेक किलो मिळून दिसतात. २०१६ च्या जून-जुलैत संशोधन विमानाने भारतावर उड्डाणे करून हवेतल्या प्रमाणावरून देशाचे उत्सर्जन काढले गेले आहे, नोंदवह्या न बघता. गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घ्या, आणि त्यात आर-२२ व आर-३२ एकत्र करू नका. मिसळलेला गॅस पुन्हा शुद्ध करायला कोणी घेत नाही.

कॉलेजच्या प्रकल्पात काय जमेल?

स्थितांबरातला नमुना विसरा. फुगा सोडायला विमान वाहतूक आणि हवाई दलाची परवानगी लागते, आणि सांबऱ्याला दोन्ही आहेत. पण जमिनीवरचे काम मोलाचे आहे. ज्या प्रयोगशाळेत ईसीडी आहे तिच्याशी आधी बोला, भांडी त्यांच्याकडूनच निर्वात करून आणा. चोर्ला घाटाच्या माथ्यावर वाऱ्याच्या दिशेने तोंड करून, गाडीपासून लांब, श्वास रोखून झडप उघडा. दुसरे भांडे उद्यमबागेत भरा. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन भांडी, आणि एक रिकामेच फिरवून आणलेले. घाटावर सीएफसी-१२ जागतिक आकड्याला टक्का-दोन टक्क्यांत जुळला, तर तुमची पद्धत नीट आहे. शहरात आर-२२ आणि डायक्लोरोमिथेन वर गेलेले दिसतील. दम्याचा पंप आणि डिओडरंट नमुना घेणाऱ्याच्या खिशात नसावा: पंपातला वायू आर-१३४ए असू शकतो.

शेतात मोठा फुगा आणि पेटी पडली तर?

हैदराबाद केंद्राचे मोठे फुगे ५० ते ८५ मीटर व्यासाचे असतात आणि पेट्या विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर रेषेच्या आसपास २०० ते ३५० किमीवर उतरू शकतात. बिदर, कलबुर्गीकडे ही शक्यता जास्त, अथणीकडे कमी. फुग्यात हायड्रोजन असतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. पेटीत जास्त व्होल्टेजचे भाग असू शकतात आणि नळकांडी दाबाखाली असतात, झडप फिरवू नका. पेटी हलवू नका, ओढून रस्त्यावर आणू नका. तिच्यावर पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला असतो, तिथे किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात कळवा. पॅराशूटचे कापड आणि दोर चांगले असतात हे मान्य, पण ते कापून नेल्यावर पेटी कोणत्या बाजूने आपटली ते कळत नाही आणि गळलेली झडप शोधायला तेच लागते.